वृद्धसेवागृहाची पारख

आपल्याकडे वृद्धाश्रम ही कल्पना नवी नाही. डेव्हिड ससून यांच्या दातृत्वातून पुण्यात एकोणिसाव्या शतकात उभा राहिलेला आणि आज ‘निवारा’ या नावाने परिचित असलेला आश्रम, किंवा १९९५ नंतर राज्य सरकारच्या योजनेतून ठिकठिकाणच्या जिल्ह्यांत निघालेले मातोश्री वृद्धाश्रम, हे प्राधान्याने निराधारांना आसरा मिळावा या हेतूने स्थापन झाले. गेल्या दोन-तीन दशकांत शहरांच्या उपनगरांतून जी लहान सेवागृहे निघाली आहेत त्यांचे प्रयोजन मात्र निराळे आहे. एखादा जुना बंगला किंवा शेजारशेजारच्या दोन सदनिका भाड्याने घ्याव्यात, तेथे दहा-पंधरा खाटा मांडाव्यात, आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंशाने भांबावलेल्या, अथवा खुब्याचे हाड मोडल्यानंतर पुन्हा उभे राहण्याची उमेद गमावलेल्या वृद्धांची शुश्रूषा मासिक शुल्क घेऊन करावी, असे त्यांचे स्वरूप असते. येथे येणाऱ्यांपैकी अनेकांना मुलेबाळे असतात, स्वतःचे घर असते, निवृत्तिवेतनही असते. परंतु दिवसरात्र सेवेला उभे राहील असे माणूस घरात उरलेले नसते.

अशा सेवागृहाचा शोध बहुतेक कुटुंबे अत्यंत प्रतिकूल घटकेला सुरू करतात. रुग्णालयातले डॉक्टर ‘उद्या डिस्चार्ज’ म्हणून सांगतात. घरी न्यावे तर उचलायला-बसवायला कोणी नाही, मुलगा परगावाहून चार दिवसांची रजा काढून आलेला, सून नोकरीवर. मग कोणीतरी दिलेल्या क्रमांकावर फोन जातो, संध्याकाळी धावतपळत जागा पाहिली जाते, समोरची बाग आणि बैठकीतली स्वच्छ फरशी पाहून मनाला थोडा धीर येतो, आणि दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिका थेट तेथेच जाते. या घाईमागे कोणाचा दुष्ट हेतू नसतो. परंतु ज्या निर्णयावर एका माणसाचे उरलेले आयुष्य अवलंबून आहे, तो एका संध्याकाळीत उरकला जाऊ नये, आणि उरकण्याची वेळ आलीच तर निदान काय पाहायचे हे ठाऊक असावे, यासाठी हा लेख आहे.

सेवागृहाची पारख मुख्यतः कशावरून करावी, याचे उत्तर एका वाक्यात देता येते : तेथील सर्वांत असहाय रहिवाशाच्या अवस्थेवरून. जे हिंडतेफिरते आहेत, ज्यांना आपली तक्रार सांगता येते, ज्यांचे आप्त दर रविवारी येतात, त्यांची व्यवस्था सामान्य संस्थाही नीट ठेवते. ज्याला बोलता येत नाही आणि ज्याच्याकडे महिनोन्महिने कोणी फिरकत नाही, त्याच्या खाटेपाशी संस्थेची खरी वृत्ती प्रकट होते. आज आपले माणूस चालते-बोलते असले, तरी उद्या त्यालाही त्याच अवस्थेतून जावे लागण्याचा संभव आहे, आणि म्हणून त्या खाटेची चौकशी ही वस्तुतः आपल्याच माणसाची चौकशी होय.

प्रथम गरजेचा विचार

संस्था पाहण्याआधी आपल्या माणसाची गरज कागदावर लिहून काढावी. चालताना आधार लागतो काय, स्नान व शौच स्वतःचे स्वतः होते काय, जेवण भरवावे लागते काय, औषधे लक्षात राहतात काय, रात्री किती वेळा उठावे लागते, भान सुटून घराबाहेर निघून जाण्याची सवय आहे काय, नळीवाटे अन्न किंवा लघवीची नळी आहे काय, या प्रश्नांची प्रांजळ उत्तरे लिहिली म्हणजे कोणत्या प्रकारची संस्था हवी ते आपोआप स्पष्ट होते. प्रवेश नाकारला जाईल या भीतीने काही आप्त ही माहिती दडवतात. परंतु रात्री-अपरात्री उठून दाराशी जाणाऱ्या वृद्धाची कल्पनाच संस्थेला नसेल, तर पहिल्याच आठवड्यात अपघात घडतो आणि त्याचा दोष कोणाच्या माथी मारावा हेही ठरत नाही. उलट, आपण काहीही सांगितले तरी ‘होईल सगळे, काळजी करू नका’ एवढेच उत्तर देणारा आणि एकही प्रतिप्रश्न न विचारणारा चालक दिसला, तर त्याला खाटा भरण्याची निकड अधिक आहे असे समजावे. चांगला चालक प्रवेशापूर्वी वृद्धाला स्वतः पाहतो, रुग्णालयाची कागदपत्रे वाचतो, आणि जे आपल्याच्याने होणार नाही ते स्पष्ट शब्दांत सांगतो.

ज्याचे आयुष्य आहे त्याची संमती हा तर या सर्व विचाराचा पाया होय. डॉक्टरकडे जाऊन येऊ असे सांगून आईला गाडीत बसवावे आणि सेवागृहात सोडून परतावे, असे प्रकार घडतात. त्यातून जो विश्वासघात होतो त्याची भरपाई पुढे कितीही उत्तम सेवेने होत नाही. बुद्धी शाबूत असलेल्या वृद्धाला दोन-तीन जागा स्वतः पाहू द्याव्यात, कोणती आवडली ते विचारावे, आणि शक्य असल्यास आठ-पंधरा दिवसांचा अल्पमुदतीचा मुक्काम करून पाहावा. अनेक सेवागृहे अशी सोय देतात. ज्यांची स्मृती क्षीण झाली आहे त्यांनाही आवडनिवड असते, आणि अनोळखी जागेत त्यांचा चेहरा कसा होतो यावरून पुष्कळ कळते. अविवाहित आत्या किंवा निपुत्रिक मावशी यांच्या बाबतीत निर्णय कोणी घ्यायचा, खर्च कोणी सोसायचा आणि आजारपणात सही कोणी करायची, हे भाचे-पुतण्यांनी आधीच एकत्र बसून ठरवावे. नाहीतर सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच राहत नाही.

भेट केव्हा द्यावी

पहिली भेट वेळ ठरवून घ्यावी आणि दुसरी आगाऊ वर्दी न देता, दुपारच्या जेवणाच्या किंवा दिवेलागणीच्या सुमारास. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेक वृद्धांची अस्वस्थता तिन्हीसांजेला वाढते. कोणी घरी जायचे म्हणून दाराशी येते, कोणी रडू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी दिवसपाळीची माणसे निघण्याच्या आणि रातपाळीची येण्याच्या बेतात असतात. ही वेळ जी संस्था शांतपणे निभावून नेते तिची घडी नीट बसलेली आहे असे मानण्यास हरकत नाही. अवेळी आलेल्या अनोळखी माणसाला थेट खोल्यांत न सोडणे हे योग्यच आहे, कारण रहिवाशांनाही खासगीपणा असतो. परंतु बैठकीच्या पलीकडे कधीच काही दाखवायचे नाही, किंवा आप्तांनी ठरावीक दिवशी ठरावीक तासभरच भेटायचे, असा दंडक असेल तर तो दंडक कोणाच्या सोयीसाठी आहे ते विचारावे.

आत शिरताच वासाकडे लक्ष द्यावे. एखाद्या खोलीत क्षणभर लघवीचा वास येणे स्वाभाविक आहे. सर्व घरात, सर्व वेळ येणारा वास हा चादरी व डायपर वेळेवर बदलले जात नसल्याचा पुरावा असतो, आणि फिनेलचा उग्र दर्प हा काही वेळा तोच पुरावा झाकण्याचा प्रयत्न असतो. त्यानंतर, संबंधितांची मुभा असेल तर, जो सर्वांत अशक्त रहिवासी दिसेल त्याच्या खाटेपाशी पाच मिनिटे उभे राहावे. पाण्याचा पेला त्याच्या हाताला लागतो की पलीकडच्या कट्ट्यावर आहे? ओठ ओलसर आहेत की कोरडे पडून भेगाळलेले? नखे कापलेली आहेत काय? चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र नाव लिहिलेल्या डबीत आहे, की कोणाची कवळी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही? टाचा गादीवर घासत आहेत की पोटरीखाली उशी देऊन अधर ठेवल्या आहेत? लघवीची पिशवी खाटेच्या दांडीला खाली अडकवलेली आहे की जमिनीवर लोळते आहे? स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या माणसाला साधारणतः दर दोन तासांनी वळवावे लागते, अन्यथा माकडहाड, खुबा आणि टाचा या ठिकाणी कातडी काळवंडून शय्याव्रण होतात. तेव्हा वळवल्याची नोंद कोठे आहे ते विचारावे, आणि ती वही पाहावी. आठवडाभराच्या सर्व नोंदी एकाच शाईने, एकाच हाताने, एका बैठकीत भरलेल्या दिसल्या तर त्या नोंदींना काही अर्थ नाही.

जेवण, औषधे आणि रात्र

जेवणाची वेळ पाहणे हे हजार प्रश्न विचारण्यापेक्षा अधिक बोधप्रद असते. भरवणारी मावशी स्टुलावर समोर बसते, एक घास गिळला गेल्याची खात्री करून दुसरा घास देते आणि मधूनमधून बोलते, की उभ्या उभ्या, निजलेल्या माणसाच्या तोंडात चमचा कोंबून पुढच्या खाटेकडे वळते, एवढे पाहिले तरी पुरे. गिळण्याची शक्ती कमी झालेल्या वृद्धाला ताठ बसवून भरवावे लागते आणि जेवणानंतर अर्धा तास तरी तसेच बसते ठेवावे लागते. अन्यथा अन्नाचा कण श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याची भीती असते. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रात्रीचे जेवण संध्याकाळी सहालाच उरकले जाते आणि दुसऱ्या दिवशीचा नाश्ता नऊ वाजता मिळतो. पंधरा तासांचे हे अंतर कोणाही वृद्धाला कष्टदायक आणि मधुमेह्याला धोक्याचे आहे. जेवण शाकाहारीच असते काय, उपवासाच्या दिवशी काय मिळते, जन्मभर मासळी खाल्लेल्या माणसाला ती कधीतरी मिळू शकेल काय, हे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. अन्नाची रुची हा अनेक वृद्धांच्या आयुष्यात उरलेला शेवटचा आनंद असतो.

औषधांच्या बाबतीत प्रत्येक रहिवाशाचा डबा वेगळा व नावाचा असावा, दिलेल्या गोळीपुढे देणाऱ्याची सही असावी, इन्शुलिन शीतकपाटात असावे, आणि ते टोचणारी व्यक्ती प्रशिक्षित असावी. ‘सिस्टर’ म्हणून जिची ओळख करून दिली जाते तिने एएनएम किंवा जीएनएम हा अभ्यासक्रम पुरा केला आहे काय, नर्सिंग कौन्सिलकडे तिची नोंदणी आहे काय, हे विचारणे म्हणजे तिचा अपमान करणे नव्हे. डॉक्टर किती दिवसांनी येतात, रात्री छातीत कळ आली तर कोणाला बोलावले जाते, जवळचे रुग्णालय कोणते, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली तर ती दारापर्यंत येऊ शकते काय आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो काय, या सर्वांची ठाम उत्तरे मिळाली पाहिजेत.

रात्रीची चौकशी तर अवश्य करावी. रात्री दहानंतर किती माणसे जागी असतात, असे विचारावे. किती माणसे ‘असतात’ एवढेच विचारून भागत नाही, कारण दिवसभर राबलेली मावशी रात्री त्याच खोलीत चटई टाकून निजते आणि तीच रातपाळी म्हणून मोजली जाते, असे पुष्कळ ठिकाणी आढळते. आया व ब्रदर बाराबारा तासांच्या पाळीवर आहेत की चोवीस तास, त्यांना आठवड्याची सुटी मिळते काय, त्यांतील सर्वांत जुने माणूस किती वर्षांपासून आहे, हेही विचारावे. ज्या संस्थेत ब्युरोकडून आलेली माणसे दर महिन्याला बदलतात, तेथे कोणत्या आजोबांना डाव्या कुशीवर दुखते आणि कोणत्या आजी चहात साखर घेत नाहीत हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. सेवकवर्गाला माणसासारखे वागवणारी संस्थाच रहिवाशांना माणसासारखे वागवू शकते.

हात-पाय बांधणे, खोलीला बाहेरून कडी घालणे आणि झोपेच्या गोळ्या देऊन निजवून ठेवणे या तीन गोष्टींविषयी थेट प्रश्न करावा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने मानसिक आरोग्य संस्थांना असे बंधन घातले आहे की, तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने आणि आवश्यक तेवढ्याच काळापुरते रुग्णाला जखडून ठेवता येते. शिक्षा म्हणून किंवा केवळ माणसे अपुरी आहेत या सबबीवर कदापि नाही. लहान सेवागृहाची कायदेशीर वर्गवारी काहीही असो, माणसे अपुरी म्हणून माणूस बांधणे कोठेही क्षम्य ठरत नाही.

दप्तर, इमारत आणि करारनामा

संस्था धर्मादाय न्यास असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याखालील नोंदणी क्रमांक आणि हिशेबतपासणीचा अहवाल मागता येतो. व्यक्तीने किंवा कंपनीने चालवलेले सेवागृह असेल तर कोणत्या कायद्याखाली कोणता परवाना आहे ते दाखवण्यास सांगावे; केवळ दुकाने व आस्थापना यांचा दाखला भिंतीवर लावून जर आतमध्ये सलाईन आणि प्राणवायूसह रुग्णसेवा चालत असेल, तर शुश्रूषागृह म्हणून नोंदणी आहे काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आपल्या राज्यात १९४९ पासून आहे.

इमारतीत उंबरे, ओल्या फरश्या, अंधारे जिने आणि शौचालयातील आधाराचे दांडे पाहावेत. वृद्धांच्या खाटा वरच्या मजल्यावर असतील आणि खिडक्यांना कायमच्या जाळ्या असतील, तर आग लागल्यास त्यांना बाहेर कसे काढणार हे विचारावे. अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै या महिन्यांत सादर करण्याची तरतूद २००६ च्या राज्य अधिनियमात आहे. ताजे प्रमाणपत्र पाहण्यास मागावे.

पैशाचा व्यवहार तोंडी ठेवू नये. मासिक शुल्कात काय येते आणि डायपर, औषधे, मलमपट्टी, व्यायामोपचार, डॉक्टरांची भेट, रुग्णवाहिका, रुग्णालयात सोबत बसणारे माणूस यांपैकी कशाचे वेगळे पडतात, याचा तपशील लिहून घ्यावा. पंचवीस हजार सांगितलेले शुल्क पहिल्या बिलात पस्तीस होते ते याच बाबींमुळे. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल, वृद्ध रुग्णालयात असताना शुल्क पूर्ण लागेल की कमी, दरवाढ केव्हा व किती, सोडून जायचे तर किती दिवसांची सूचना द्यायची, संस्थेनेच काढून टाकायचे ठरवले तर मुदत किती देणार, आणि मृत्यू झाल्यास उरलेल्या दिवसांच्या रकमेचे काय, ही कलमे करारनाम्यात असावीत. करारनामा वृद्धाला व सही करणाऱ्याला समजेल अशा भाषेत असावा आणि त्याची प्रत हाती घ्यावी. दागिने, बँकेचे पुस्तक, एटीएम कार्ड आणि मालमत्तेचे कागद संस्थेच्या हवाली करू नयेत. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, त्याची तजवीज कोण करणार हे आधीच ठरवावे. अखेरच्या आजारात रुग्णालयात न्यावे की नाही, कृत्रिम श्वासयंत्र लावावे की नाही, याविषयी वृद्धाची इच्छा असेल तर ती त्यांच्याच हयातीत, शुद्धीत असताना लिहून ठेवावी. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित केलेल्या अशा इच्छापत्राची सुलभ पद्धत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये घालून दिली आहे.

प्रवेशानंतरची जबाबदारी

प्रवेश झाला म्हणजे पारख संपली असे नाही. पहिल्या महिन्यात वारंवार आणि निरनिराळ्या वेळी जावे. दर महिन्याला वजनाची नोंद मागावी, पाठ व टाचा स्वतः पाहाव्यात, आणि थोडा वेळ वृद्धाशी एकांतात बोलावे. वजन झपाट्याने घटणे, अंगावर वळ किंवा काळेनिळे डाग, दिवसा अकारण गुंगी, बोलके माणूस एकाएकी गप्प होणे, विशिष्ट सेवकाच्या चाहुलीने बावरणे, यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी लेखी खुलासा मागावा. समाधान न झाल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेल्या १४५६७ या राष्ट्रीय मदतक्रमांकावर मार्गदर्शन मिळते. त्याचबरोबर न्यायबुद्धीही सोडू नये. उत्तम संस्थेतही वृद्ध पडतात, आजारी पडतात, क्षीण होत जातात. पडल्याची बातमी स्वतः होऊन फोनवर कळवणारी संस्था आणि जखम दिसल्यावर सारवासारव करणारी संस्था यांत मात्र मोठे अंतर आहे. मावशींशी आदराने बोलावे, त्यांची नावे लक्षात ठेवावीत, त्यांच्या कष्टांची जाणीव बोलून दाखवावी.

सेवागृहात ठेवले म्हणजे आईबापांना टाकले, असा जो सरसकट आरोप समाजात होतो तो अन्यायाचा आहे. थकलेल्या सुनेच्या किंवा स्वतः सत्तरीला आलेल्या मुलाच्या हातून न होणारी शुश्रूषा प्रशिक्षित हातांनी व्हावी, यात कमीपणा काही नाही. परंतु ठेवून पाठ फिरवणे हा निश्चितच परित्याग आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ साली झालेल्या अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे, ज्याच्यावर ज्येष्ठाचा सांभाळ सोपवलेला आहे त्याने त्याला कायमचे टाकून देण्याच्या इराद्याने कोठेही सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शुल्क वेळेवर भरले म्हणून कर्तव्य फिटत नाही.

ज्यांच्या घरात पंच्याहत्तरी ओलांडलेले माणूस आहे, त्यांना माझी विनंती एवढीच आहे की, गरज दाराशी येऊन उभी राहण्याची वाट पाहू नये. सर्व काही सुरळीत आहे अशा एखाद्या सुटीच्या दिवशी जवळपासची दोन-तीन सेवागृहे त्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घेऊन पाहून यावीत, त्यांचे मत विचारावे आणि ते लिहून ठेवावे. गरज कधीच पडली नाही तर उत्तमच; पडली, तर निर्णय घाईने होणार नाही आणि तो ज्याच्या आयुष्याचा आहे त्याला विचारून झालेला असेल.